प्रसंग गावचा, हक्क माणसाचा

स्किझोफ्रेनिया म्हटले की कानात होणारे आवाजांचे भास, कोणीतरी पाळत ठेवून आहे असा पक्का संशय आणि असंबद्ध बोलणे एवढेच बहुतेकांच्या डोळ्यांपुढे येते. परंतु औषधांनी ही लक्षणे आटोक्यात आल्यानंतर जे मागे उरते, ते घरच्यांना अधिक काळ आणि अधिक खोलवर जाणवत राहते. माणूस आपणहून बोलायला सुरुवात करत नाही, विचारले तर एका शब्दात उत्तर देतो, समोरच्याच्या चेहऱ्यावरचा राग किंवा थट्टा त्याला वेळेवर ओळखता येत नाही, आणि हळूहळू घरातले व्यवहार त्याला वगळूनच चालू लागतात. उत्साह, भावदर्शन आणि बोलणे ओसरण्याला मानसोपचारशास्त्रात ‘ऋण लक्षणे’ म्हणतात, तर लक्ष, स्मरण आणि विचारांचा वेग यांतील कमतरतांना ‘बोधनात्मक उणिवा’ म्हणतात. उपलब्ध औषधांचा या दोहोंवर होणारा परिणाम मर्यादित असल्याने औषधाच्या जोडीला ज्या मनोसामाजिक उपचारांची गरज पडते, त्यांपैकी एक महत्त्वाचा उपचार म्हणजे सामाजिक कौशल्यांचे प्रशिक्षण.

या प्रशिक्षणाची घडण प्रामुख्याने अमेरिकेत झाली. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात रॉबर्ट लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सामाजिक व्यवहाराची तीन अंगे मानली: समोरच्याचे बोलणे आणि हावभाव टिपणे, त्यांचा अर्थ लावून काय करायचे ते ठरवणे, आणि ठरवलेले शब्द योग्य स्वरात, योग्य वेळी बोलून दाखवणे. ॲलन बेलॅक, किम म्यूसर, सुझन जिंजरिच आणि ज्युली ॲग्रेस्टा यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेली आणि २००४ मध्ये सुधारून काढलेली मार्गदर्शिका आज जगभर वापरली जाते. तिची पद्धत साधी आणि शिस्तबद्ध आहे. एखादे कौशल्य का हवे हे आधी बोलायचे, त्याच्या तीन-चार पायऱ्या सांगायच्या, प्रशिक्षकाने ते करून दाखवायचे, मग शिकणाऱ्याने छोट्या प्रसंगातून ते करायचे, जे चांगले जमले ते आधी सांगून नंतर एखादी सुधारणा सुचवायची, पुन्हा करून पाहायचे आणि शेवटी घरी करण्यासाठी सराव द्यायचा. दुसऱ्याचे ऐकणे, विनंती करणे, चांगली भावना व्यक्त करणे आणि नकोशी भावना व्यक्त करणे ही चार कौशल्ये या पद्धतीचा पाया मानली जातात.

पद्धतीचा उपयोग किती होतो, याचे उत्तर मॅथ्यू कर्ट्झ आणि किम म्यूसर यांनी २००८ मध्ये २२ अभ्यासांतील १५२१ व्यक्तींची माहिती एकत्र तपासून दिले. प्रशिक्षणात जे नेमके शिकवले जाते ते आत्मसात होण्याच्या बाबतीत परिणाम मोठा दिसला, प्रत्यक्ष जगण्यातील वावर आणि ऋण लक्षणे सुधारण्याच्या बाबतीत तो मध्यम दिसला आणि इतर लक्षणे किंवा आजार उलटणे यांच्या बाबतीत लहान दिसला. कौशल्य जिथे शिकले त्या खोलीपासून जसजसे दूर जावे तसतसा त्याचा जोर कमी होतो, असा या निष्कर्षाचा सरळ अर्थ आहे, आणि सांस्कृतिक रूपांतराची गरज नेमकी याच ठिकाणी उभी राहते. प्रशिक्षणातला प्रसंग आणि शिकणाऱ्याचे अंगण यांच्यातले अंतर आधीच मोठे असेल, तर शिकलेले अंगणापर्यंत पोहोचण्याची शक्यता आणखी घटते.

बेलापूर आणि त्याचा परिसर या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. अहिल्यानगर जिल्ह्याच्या श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेकाठी वसलेले हे जुने बाजारपेठेचे गाव असून, दौंड–मनमाड लोहमार्गावरील श्रीरामपूरचे स्थानक रेल्वेच्या नोंदीत बेलापूर याच नावाने ओळखले जाते. १९२६ मध्ये पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाचे पाणी प्रवरेच्या कालव्यांनी या भागात आले, त्यामागून ऊस आला, हरेगावला बेलापूर कंपनीचा खासगी साखर कारखाना आणि पुढे स्वातंत्र्योत्तर काळात लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला. या इतिहासाचा स्किझोफ्रेनियाशी संबंध वरवर दिसत नसला तरी तो आहे, कारण येथील माणसाचा रोजचा सामाजिक व्यवहार याच अर्थव्यवस्थेने घडवला आहे: पाटाला पाणी कधी सुटणार, ऊसतोड टोळी कोणाच्या शेतात आहे, डेअरीवर दुधाला फॅट किती लागली, कांद्याला काय भाव निघाला, याच विषयांवर येथे ओळखी टिकतात, आणि आजारातून सावरणाऱ्या माणसाला पुन्हा माणसांत येण्यासाठी जी वाक्ये लागतात ती याच विषयांची असतात.

मूळ साहित्य जसेच्या तसे मराठीत आणून येथे वापरायला घेतले की पहिल्याच बैठकीत ते अडखळते. उपाहारगृहात चुकीचा पदार्थ आल्यावर तक्रार करणे, एका खोलीत राहणाऱ्या सोबत्याला संगीताचा आवाज कमी करायला सांगणे, एखाद्या मुलीला किंवा मुलाला सोबत फिरायला येण्याचे विचारणे, हे प्रसंग तेथील निवासगृहांत राहणाऱ्या एकट्या प्रौढांसाठी रचलेले आहेत. बेलापूर परिसरातला सावरणारा तरुण आईवडिलांच्या, अनेकदा भावांच्या कुटुंबासह राहतो, आणि त्याला अडचण येते ती वेगळ्याच ठिकाणी: किराणा दुकानदाराकडून उरलेले सुटे पैसे मागून घेताना, एसटीत कंडक्टरला थांब्याचे नाव मोठ्याने सांगताना, रेशन दुकानातल्या रांगेत कोणी पुढे घुसले तर बोलताना, चहाच्या टपरीवर कोणी तंबाखूचा बार पुढे केला तर नको म्हणताना, आणि सर्वांत अधिक म्हणजे लग्नकार्यात भेटलेल्या पाहुण्याने ‘काय करतोस सध्या?’ असे विचारल्यावर. या शेवटच्या प्रश्नाच्या भीतीने कित्येक जण वर्षानुवर्षे एकाही लग्नाला जात नाहीत. त्यामुळे त्याचे खरे, छोटे आणि स्वाभिमानी उत्तर आधी तयार करून त्याचा सराव करणे हा येथील अभ्यासक्रमात मानाचे स्थान मिळण्याजोगा धडा ठरतो. ‘घरच्या गोठ्याचं बघतो, तब्येतीनं मधे जरा थांबलो होतो’ एवढे उत्तर पुरेसे असते आणि त्यात खोटे काही नसते.

रूपांतर करताना नेमके काय काय तपासायचे, यासाठी गिलेर्मो बर्नाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये आठ अंगे मांडली: भाषा, व्यक्ती, रूपके, आशय, संकल्पना, उद्दिष्टे, पद्धती आणि संदर्भ. भारतातही या दिशेने काम झाले आहे. बेंगळुरूच्या निमहान्स संस्थेत दुसऱ्याच्या मनातले ओळखण्याची क्षमता मोजणाऱ्या चाचण्यांमधील गोष्टी आणि प्रसंग भारतीय परिस्थितीला जुळतील असे घडवून त्यांची उपयुक्तता तपासली गेली, आणि ते काम २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. बर्नाल यांच्या आठ अंगांपैकी भाषेवर सर्वाधिक श्रम खर्च होतात, कारण अनुवाद करणे आणि दुसऱ्याकडून तो उलट इंग्रजीत करवून ताडून पाहणे ही प्रक्रिया संशोधनात रुळलेली आहे. मात्र या तपासणीतून वाक्य बरोबर आहे एवढेच कळते. ते वाक्य बेलापूरच्या बाजारात कोणी कोणाला म्हणेल का, हे कळण्यासाठी सावरणारी माणसे, त्यांच्या आया, आशा कार्यकर्त्या आणि एखादा दुकानदार यांच्यासमोर तो प्रसंग करून पाहावा लागतो. ‘असं कोणी बोलत नाही’ ही त्यांच्याकडून येणारी प्रतिक्रिया कोणत्याही उलट अनुवादापेक्षा अधिक उपयोगी असते, आणि त्यापुढे ‘मग कसं बोलतात?’ हे विचारले की नवा प्रसंग त्यांच्याच तोंडून तयार होतो.

ऐकण्याच्या कौशल्याची पहिली पायरी मूळ साहित्यात समोरच्याच्या डोळ्यांत पाहणे ही आहे. वडील, चुलते, गुरुजी किंवा डॉक्टर यांच्याशी बोलताना नजर किंचित खाली ठेवणे हा येथे आदराचा भाग मानला जातो आणि तरुण स्त्रीने परक्या पुरुषाकडे रोखून पाहणे गैर समजले जाते. म्हणून या पायरीच्या जागी अंग समोरच्याकडे वळवणे, हातातले काम किंवा मोबाइल बाजूला ठेवणे, मधूनमधून हुंकार देणे आणि ऐकलेल्यातला एक शब्द पकडून पुढचे विचारणे, अशी रचना अधिक चालते. येथे एक गोष्ट कुटुंबालाही समजावून द्यावी लागते. आजारामुळे चेहरा भावशून्य राहू शकतो आणि काही औषधांमुळे हालचालींत ताठरपणा येऊ शकतो. घरच्यांना ही बेपर्वाई किंवा उद्धटपणा वाटतो, आणि ज्या दोषावर औषधाची मात्रा बदलून उपाय निघू शकतो त्यावरून आजारी माणसाला बोलणी खावी लागतात.

संभाषण सुरू करण्याच्या बाबतीत स्थानिक रीत प्रशिक्षणाला मोठा हातभार लावते. ‘जेवण झालं का?’, ‘कुठं निघालात?’, ‘तुमच्याकडं पाऊस झाला का?’ असे ठरलेले प्रश्न गावात दिवसभर विचारले जातात, त्यांची उत्तरेही ठरलेली असतात, आणि ज्याला विषय सुचण्याचीच अडचण आहे त्याला अशा तयार वळणाचा आधार मिळतो. अनोळखी माणसाशी गप्पा मारायला शिकवणाऱ्या मूळ धड्यापेक्षा ओळखीच्या माणसाशी तुटलेले बोलणे पुन्हा जोडण्याचा धडा येथे अधिक लागतो, कारण गावात अनोळखी माणसे थोडी असतात आणि आजाराच्या काळात ज्यांच्याशी भांडण झाले, ज्यांना नको ते बोलले गेले, ती माणसे रोज समोर येतात. मूळ साहित्यात माफी मागण्याचा धडा असतो. येथे मात्र ‘तेव्हा माझी तब्येत बरी नव्हती, मनात ठेवू नका’ एवढे वाक्य कोणाला, कधी आणि कोणाच्या सोबतीने म्हणायचे याचा विचार त्या धड्यात भरीला घालावा लागतो.

चांगली भावना व्यक्त करण्याचा धडा काळजीपूर्वक बदलावा लागतो. आईचे किंवा भावाचे तोंडावर आभार मानणे ग्रामीण मराठी घरात औपचारिक, कधी कधी तर परकेपणाचे वाटते. आपुलकी कृतीतून आणि आडून बोलण्यातून दाखवली जाते. म्हणून ‘भाकरी आज मऊ झालीय’ असे म्हणणे, वडील शेतातून आल्यावर न सांगता पाण्याचा तांब्या पुढे करणे, भाचीच्या शाळेची चौकशी करणे, या गोष्टी त्या कौशल्याच्या पायऱ्या म्हणून मांडल्या तर शिकणाऱ्याला त्या करता येतात आणि घरच्यांनाही त्यातला बदल दिसतो. तथापि ज्या घरात मुले-मुली आता सहज ‘थँक्यू’ म्हणतात तेथे तेच शिकवावे. संस्कृती म्हणजे जुने तेवढेच, असे मानून रूपांतर केले तर साहित्य छापून येईपर्यंत शिळे होते.

नकोशी भावना व्यक्त करण्याचा धडा सर्वांत कठीण आहे. ‘तुम्ही असे वागता तेव्हा मला असे वाटते’ हा मूळ नमुना वडिलांसमोर म्हटला गेला तर घरात वाद पेटण्याची शक्यता अधिक. येथे नाराजी बहुतेकदा मध्यस्थामार्फत पोहोचते, आणि वहिनी, मामा, आजी किंवा शेजारचे अण्णा ही भूमिका पार पाडतात. त्यामुळे ‘आपले म्हणणे कोणामार्फत पोहोचवायचे ते ठरवा’ ही नवी पायरी घालणे योग्य ठरते. परंतु तिच्यासोबत दुसरी पायरीही तितक्याच ठळकपणे असली पाहिजे: मारहाण, कोंडून ठेवणे, उपाशी ठेवणे, औषध न देणे किंवा जमिनीच्या कागदावर अंगठा घेणे असे काही घडत असेल, तर मध्यस्थाची वाट न पाहता कोणाला सांगायचे, हे शिकणाऱ्याला तोंडपाठ असायला हवे.

येथून रूपांतराचा सर्वांत नाजूक भाग सुरू होतो. परिस्थितीला जुळवून घेण्याच्या नावाखाली आज्ञाधारकपणा शिकवला जाण्याचा धोका या कामात सतत असतो. घरच्यांना प्रशिक्षणाकडून काय हवे असे विचारले तर ‘ऐकायला पाहिजे’, ‘उलट बोलायला नको’, ‘पाहुण्यांसमोर गप्प बसावं’ अशी उत्तरे येतात, आणि ती काळजीतून, थकव्यातून येतात हे मान्य करूनही त्यांना अभ्यासक्रमाचे उद्दिष्ट बनवता येत नाही. स्त्रियांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक टोकदार होतो. चेन्नईच्या स्कार्फ संस्थेतील आर. थारा आणि सहकाऱ्यांनी स्किझोफ्रेनिया असलेल्या व विवाह मोडलेल्या स्त्रियांवर २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांतून त्यांच्यावरचा आजाराचा आणि परित्यक्तेपणाचा दुहेरी भार समोर आणला. अशा स्त्रीला सासरी किंवा माहेरी टिकून राहण्यासाठी फक्त स्वयंपाक, झाडलोट आणि नम्र बोलणे शिकवले, तर साहित्य स्थानिक दिसेल, पण तिच्या हाती काही लागणार नाही. तिला स्वतःच्या औषधाचे पैसे मागता आले पाहिजेत, मुलाला भेटण्याची इच्छा बोलून दाखवता आली पाहिजे, हळदीकुंकवाला जायचे की नाही हे स्वतः ठरवता आले पाहिजे. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ ने समाजात राहण्याचा आणि क्रूर, अमानवी वागणुकीपासून संरक्षणाचा हक्क दिला आहे, आणि दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ ने मानसिक आजारामुळे येणाऱ्या दिव्यांगत्वाला मान्यता दिली आहे. हे हक्क शिकणाऱ्याच्या तोंडी एखाद्या साध्या वाक्यात येत नाहीत तोवर कौशल्याचे शिक्षण अपुरे राहते. रूपांतरात प्रसंग बदलावेत, माणसे बदलावीत, बोलण्याचे वळण बदलावे; मागण्याचा आणि नाकारण्याचा हक्क मात्र मूळ साहित्यात होता तितकाच, किंबहुना थोडा अधिकच, शिल्लक राहिला पाहिजे.

पद्धतीच्या बाबतीत प्रसंग उभा करून दाखवणे येथे परके नाही. भारूड, सोंग, वगनाट्य यांची सवय असलेल्या माणसांना दुसऱ्याची भूमिका घेणे लवकर जमते, आणि एरवी गप्प बसणारी व्यक्ती दुकानदार होऊन बोलू लागते असेही घडते. पण हीच सवय दोन ठिकाणी घातक ठरू शकते. पाहणारे हसू लागले की शिकणाऱ्याला ते हसणे आपल्यावरचे वाटते, म्हणून प्रेक्षक मोजके ठेवून प्रत्येकाला काहीतरी निरीक्षणाचे काम द्यावे लागते. तसेच ज्याचा संशय अजून पुरता मावळलेला नाही, त्याच्यासमोर पोलीस, भाऊबंद किंवा करणी करणारा अशी पात्रे उभी करणे टाळावे लागते, कारण खोटा प्रसंग आणि खरा धोका यांतली सीमा त्याच्या मनात अजून कच्ची असते. जमिनीच्या बांधावरून भावकीत वाद असतील तर त्या वादाशी दूरान्वयानेही जुळणारा प्रसंग घेऊ नये, ही खबरदारी शेतीप्रधान भागात विशेष महत्त्वाची आहे.

गटाने शिकवण्याच्या रीतीलाही गावाची मर्यादा पडते. शहरातल्या केंद्रात आठ-दहा जण एकमेकांना अनोळखी असतात. गावात गटातला प्रत्येक जण दुसऱ्याचे घर, जात, सोयरीक आणि शेत ओळखून असतो, आणि जे खोलीत बोलले ते संध्याकाळपर्यंत पारावर पोहोचण्याची भीती रास्त असते. त्यामुळे सुरुवातीचे प्रशिक्षण घरी, एकट्याने किंवा घरातल्या एका माणसासह करावे आणि गट शक्यतो तालुक्याच्या किंवा रुग्णालयाच्या ठिकाणी, वेगवेगळ्या गावांतील लोकांचा मिळून करावा, ही व्यवस्था अधिक सुरक्षित ठरते. लोणीचे प्रवरा ग्रामीण रुग्णालय किंवा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची केंद्रे यांच्या तपासणीच्या दिवशीच गट बोलावला तर एका फेरीचे बसभाडे आणि एका दिवसाचा रोज वाचतो. गरीब कुटुंबाच्या दृष्टीने ही बचत हजेरी टिकवणारी असते.

कुटुंबाचा सहभाग हा येथील रूपांतराचा सर्वांत मोठा आधार आहे. अमेरिकेतील लॅटिनो कुटुंबांसाठी अ‍ॅलेक्स कोपेलोविच यांच्या गटाने केलेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात नातेवाइकांनाच घरच्या सरावाचे सहायक बनवले गेले, आणि हीच दिशा मराठी घरांना अधिक मानवणारी आहे. घरातल्या माणसांची टीका, वैर आणि अतिगुंतवणूक यांना एकत्रितपणे ‘व्यक्त भावना’ म्हटले जाते आणि त्यांचे प्रमाण जास्त असलेल्या घरांत आजार उलटण्याचा धोका वाढतो. १९८० च्या दशकात चंदीगडमध्ये झालेल्या अभ्यासात हे प्रमाण लंडनच्या तुलनेत बरेच कमी आढळले होते. म्हणजे सहनशीलतेची पुंजी येथे आहे. परंतु कौतुकाची भाषा थोडी आहे. मुलाला शहाणे करायचे तर त्याच्या चुका दाखवल्या पाहिजेत अशी धारणा प्रेमळ आईवडिलांचीही असते, म्हणून ‘आज बाजारातून चारातल्या तीन वस्तू बरोबर आणल्या’ असे आधी म्हणायचे आणि राहिलेल्या चौथीबद्दल नंतर बोलायचे, हा क्रम कुटुंबालाही सरावाने शिकवावा लागतो.

या आजाराबद्दल मराठीत उघडपणे बोलण्याची वाट काही कुटुंबांनीच मोकळी केली आहे. कॅनडातील कॅलगरी येथे संख्याशास्त्राचे प्राध्यापक असलेल्या डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पत्नीच्या आजाराच्या अनुभवातून पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभारली, आणि सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’ या २००४ मधील चित्रपटामागेही त्यांचा पुढाकार होता. अतुल कुलकर्णी यांनी त्यात साकारलेला शेष पाहिलेल्या प्रेक्षकाला आजारी माणसाच्या वागण्यामागचे तर्कशास्त्र दिसते. कुटुंबांसोबतच्या बैठकीत चर्चेची सुरुवात करण्यासाठी अशा परिचित कलाकृतीचा उपयोग होऊ शकतो, कारण स्वतःच्या घराबद्दल बोलण्याआधी शेषच्या बहिणीबद्दल बोलणे सोपे जाते.

प्रशिक्षण कोणी द्यावे, याचे उत्तरही भारतातच सापडते. सातारा, गोवा आणि तामिळनाडूतील कांचीपुरम या तीन ठिकाणी झालेल्या आणि २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्किझोफ्रेनिया असलेल्या २८२ व्यक्ती सहभागी होत्या आणि साताऱ्यातील कामात डॉ. हमीद दाभोलकर यांचा सहभाग होता. प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्त्यांनी घरी जाऊन माहिती देणे, औषधांत सातत्य राखायला मदत करणे, सामाजिक व कामकाजाचे पुनर्वसन करणे आणि कलंकाला तोंड द्यायला शिकवणे अशी ही सेवा होती, आणि फक्त रुग्णालयातील उपचारांच्या तुलनेत तिचा फायदा बेताचा, पण खरा दिसला. तो मुख्यतः तामिळनाडूतील ठिकाणी आढळला, यावरून एकाच आराखड्याचे फळ स्थळानुसार बदलते हेही लक्षात येते. अहिल्यानगर जिल्ह्याला तर या विचाराचा जुना वारसा आहे: डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला सुरू केलेल्या प्रकल्पात अल्पशिक्षित ग्रामीण स्त्रिया आरोग्य कार्यकर्त्या झाल्या आणि गावाने त्यांचा शब्द मानला. सामाजिक कौशल्ये शिकवायला मानसशास्त्राच्या पदवीपेक्षा गावाच्या रीतिभातीची जाण आणि पायऱ्या न चुकवण्याची शिस्त अधिक लागते, आणि दोन्ही गोष्टी अशा कार्यकर्तीला नियमित देखरेखीत शिकवता येतात.

ज्यांना वाचता येते त्यांच्याही स्मरणावर आजाराने ताण आलेला असतो, त्यामुळे साहित्याचे बाह्य रूप तितकेच विचारपूर्वक ठरवावे लागते. एका पत्त्यावर (कार्डावर) एकच कौशल्य, तीनपेक्षा अधिक नसलेल्या पायऱ्या, पायरीगणिक एक चित्र आणि बोलीतले एक वाक्य, एवढे पुरेसे ठरते. चित्रात काटा-चमचा आणि सोफा असण्याऐवजी ओटा, चूल किंवा गॅसची शेगडी, बाजाराची पिशवी, डेअरीची किटली असावी; पण गरिबी किंवा गावंढळपणा रंगवणारे चित्र नको, कारण ते हातात घेणाऱ्याला त्यात स्वतःचा अपमान दिसतो. सराव म्हणून दिलेले काम रोजच्या जगण्यात मुळातच घडणारे असावे, म्हणजे त्यासाठी वेगळा वेळ किंवा खर्च लागत नाही. डॉक्टरांशी बोलण्याचा पत्ता तर प्रत्येकाकडे हवा: झोप जास्त येते, हात थरथरतात, तोंडाला लाळ येते, वजन वाढले, हे चार वाक्यांत सांगता आले तर औषध परस्पर बंद करण्याची वेळ अनेकदा टळते. देवस्थानाला जाणाऱ्या कुटुंबाला त्यापासून तोडण्याची गरज नसते, मात्र वारी असो वा उपवास, गोळी चुकवायची नाही, आणि अंगात आले म्हणून कोणी मारझोड करू लागले तर तो २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, हे दोन मुद्दे त्या संभाषणात स्पष्ट असावेत.

उद्दिष्टांचा विचार शेवटी पुन्हा सगळ्या रचनेकडे परत पाहायला लावतो. मूळ साहित्याचे अंतिम लक्ष्य स्वतंत्र घर, स्वतंत्र नोकरी आणि स्वतंत्र निर्णय असे आहे. बेलापूर परिसरात बहुतेकांना वेगळे घर नको असते, त्यांना घरातले आपले काम आणि आपले मत परत हवे असते. इंडियन सायकियाट्रिक सोसायटीच्या समितीने २००२ मध्ये तयार केलेली आणि दिव्यांग प्रमाणपत्रासाठी वापरली जाणारी ‘आयडियाज’ मोजपट्टी स्वतःची काळजी, माणसांशी व्यवहार, संवाद व आकलन आणि काम या चार क्षेत्रांत उणीव मोजते, आणि प्रशिक्षणाआधी व नंतर ती वापरणे उपयोगाचे आहे. तिच्या जोडीला घरच्यांना आणि स्वतः शिकणाऱ्याला, वेगवेगळे बसवून, काही साधे प्रश्न विचारले पाहिजेत: बियाणे घेताना किंवा पाहुण्यांना बोलावताना त्याला विचारले जाते का, त्याच्या हाती खर्चाला पैसे असतात का, त्याने नको म्हटलेले गेल्या महिन्यात कोणी मानले का. या प्रश्नांची उत्तरे बदलू लागली तर रूपांतर साधले असे समजावे. ती बदलली नाहीत, तर पत्ते कितीही सुबक मराठीत असले तरी ते पुन्हा लिहायला घ्यावेत, आणि त्या वेळी लिहिणाऱ्यांच्या बैठकीत आजार भोगलेल्या माणसांची संख्या तज्ज्ञांपेक्षा कमी असू नये.